रोगाचे नाव आणि अरण्याचे रक्षण : अमेरिकन चेस्टनटवरील करप्याचा इतिहास

१

पिकांवरील रोगांची मराठी नावे पाहिली असता ती बहुतांशी डोळ्यांना जे दिसते त्यावरून पडलेली आढळतात. गव्हाच्या पानांवर तांब्याच्या रंगाची पूड धरते म्हणून तो तांबेरा; द्राक्षाच्या पानांवर भुरकट थर येतो म्हणून ती भुरी; लिंबावर खैऱ्या रंगाचे खरबरीत ठिपके उठतात म्हणून तो खैऱ्या; रोप उभ्याउभ्याच वाळते म्हणून ती मर; आणि पान जळाल्यासारखे होते म्हणून तो करपा. ह्या नावांत रोगाचे लक्षण आहे, परंतु त्याचे कारण नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते पुरेसेही असते, कारण रोग ओळखणे हे त्याचे पहिले काम होय.

शास्त्रज्ञाचे नामकरण निराळ्या तत्त्वावर चालते. त्याला लक्षणापेक्षा ते उत्पन्न करणाऱ्या जीवाचे कुल व गोत्र महत्त्वाचे वाटते. नामकरणाचा आणखी एक प्रकार आहे. तो शासनाचा व कायद्याचा होय. हा जीव देशी की परदेशी, नवा की जुनाच, हे कायद्याला ठरवावे लागते, कारण बंदी घालावयाची ती बाहेरून येणाऱ्यावर. लक्षणावरून, वंशावरून आणि मूलस्थानावरून अशा तीन रीतींनी रोगाला नाव मिळते, आणि प्रत्येक नावाबरोबर उपायाची एक निराळी दिशा सुचविली जाते.

हे तिन्ही प्रकार एकमेकांशी कसे झगडले आणि त्या झगड्याचा एका अरण्याच्या भवितव्याशी कसा संबंध आला, हे अमेरिकेतील चेस्टनटच्या इतिहासात स्पष्ट दिसते. त्या इतिहासाची नामकरणाच्या बाजूने मांडणी करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

प्रथम वृक्षाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. इंग्रजीत शिंगाड्यास ‘पाण्यातला चेस्टनट’ व हिमालयात वाढणाऱ्या एका वृक्षास ‘घोड्याचा चेस्टनट’ म्हणतात. परंतु ह्या दोहोंचा खऱ्या चेस्टनटशी काही संबंध नाही. खरा चेस्टनट ओकच्या कुलातील असून त्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव कॅस्टेनिया असे आहे. ह्या प्रजातीच्या अमेरिकेत, युरोपात, चीनमध्ये व जपानमध्ये निरनिराळ्या जाती आहेत. अमेरिकन जाती, म्हणजे कॅस्टेनिया डेंटाटा, ही उत्तरेस मेन राज्यापासून दक्षिणेस ॲलाबामा व मिसिसिपीपर्यंत, मुख्यतः ॲपलेशियन पर्वताच्या उतारांवर पसरलेली होती.

त्या डोंगराळ मुलखातील लोकजीवन ह्या वृक्षावर आधारलेले होते. त्याचे लाकूड सहसा कुजत नाही. म्हणून कुंपणाचे खांब, तारायंत्राचे खांब व रेल्वेचे स्लीपर त्याचे करीत. त्याच्यातील टॅनिन कातडे कमावण्यास लागे. शरदात गळणारी गोड फळे माणसे खात, विकत आणि डुकरांनाही चारीत. अस्वले व रानटर्की त्यांवर पोसत. विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या वृक्षांची संख्या सुमारे चारशे कोटी असावी असा अंदाज सामान्यतः दिला जातो. १९५० पर्यंत त्यांतील जवळजवळ सर्व प्रौढ वृक्ष मेलेले होते.

३

रोगाची पहिली नोंद १९०४ सालची आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील प्राणिसंग्रहोद्यानाचे मुख्य वनपाल हर्मन मर्केल ह्यांना उद्यानातील चेस्टनटच्या फांद्या वाळताना दिसल्या. त्यांनी रोगट सालीचा नमुना केंद्रीय कृषिखात्याकडे पाठविला असता तेथील कवकतज्ज्ञ फ्लोरा पॅटर्सन ह्यांनी त्यातील कवक सायटोस्पोरा ह्या प्रजातीतील असल्याचे कळविले. ह्या प्रजातीतील कवके सामान्यतः दुबळ्या झाडांवर वाढतात. पहिल्याच नावाने रोगाचे स्वरूप असे सौम्य ठरविले. मर्केल ह्यांनी रोगट फांद्या छाटल्या व झाडांवर बोर्डो मिश्रण फवारले. आपल्या द्राक्षबागाइतदारांच्या नित्य परिचयाचे हे मोरचूद व चुन्याचे मिश्रण पानावरील कवकास आवर घालते. परंतु सालीच्या आत शिरलेल्या कवकापर्यंत ते पोहोचत नाही.

जवळच्याच वनस्पतिउद्यानातील विल्यम मरिल ह्यांनी ह्या कवकाचा स्वतंत्र अभ्यास केला आणि १९०६ मध्ये त्यास डायापोर्थी पॅरासिटिका असे नाव देऊन ती एक नवी जाती असल्याचे जाहीर केले. ‘नवी’ हा शब्द येथे नीट समजून घेतला पाहिजे. शास्त्राच्या परिभाषेत त्याचा अर्थ ‘आजवर वर्णन न झालेली’ एवढाच आहे. ती जगात नव्याने उत्पन्न झाली, किंवा अमेरिकेत नव्याने आली, ह्यांपैकी काहीही त्यातून निष्पन्न होत नाही. सर्व पुढील वादाचे बीज शब्दाच्या ह्या द्व्यर्थतेत होते.

रोगाची क्रिया मात्र लवकरच स्पष्ट झाली. सालीला पडलेल्या एखाद्या लहानशा जखमेतून कवक आत शिरते. त्याचे पंख्याच्या आकाराचे तंतुजाल सालीचा आतला भाग व त्याखालचा वाढीचा थर मारीत जाते. ह्या व्रणाने खोडाला पूर्ण वेढा घातला म्हणजे त्याच्या वरचा सगळा भाग वाळतो. सालीवर नारिंगी रंगाचे पुटकुळ्यांसारखे फोड येतात. त्यांतून पावसानंतर चिकट बीजाणू बाहेर पडतात. ते पाणी, कीटक व पक्षी ह्यांच्याबरोबर जातात. दुसऱ्या प्रकारचे बीजाणू वाऱ्याबरोबर दूरवर पसरतात. मुळे मात्र मरत नाहीत, कारण मातीतील इतर सूक्ष्मजीव ह्या कवकास तेथे वाढू देत नाहीत. म्हणून मेलेल्या वृक्षाच्या बुडातून पुन्हा धुमारे फुटतात, काही वर्षे वाढतात, त्यांची साल तडकू लागली की कवक शिरते, आणि ते मरतात.

४

कवक देशी की परदेशी, हा प्रश्न आता पुढे आला. कृषिखात्यातील हेवन मेटकाफ ह्यांनी १९०८ मध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. बागांत लावलेले जपानी चेस्टनट ह्या रोगाला सहसा बळी पडत नाहीत. ज्या झाडाला रोग सोसण्याची सवय आहे त्याचा व रोगाचा सहवास जुना असला पाहिजे. अर्थात रोग जपानी रोपांबरोबर आला असावा, असा त्यांचा तर्क होता. जपानी चेस्टनटची रोपे १८७६ पासून अमेरिकेत येत होती आणि पुढे रोपवाटिकांतून दूरदूरच्या बागांत गेली होती, हे पाहता तर्क निराधार नव्हता. परंतु जपानात हे कवक तोपर्यंत कोणी पाहिल्याची नोंद नव्हती.

विरुद्ध पक्षाचे प्रमुख कनेक्टिकटच्या कृषिसंशोधन केंद्राचे जॉर्ज क्लिंटन हे होत. कवक मूळचे अमेरिकेतलेच असून अवर्षण व कडक हिवाळे ह्यांनी झाडे दुबळी झाल्यामुळे ते एकाएकी प्रबळ झाले, असे त्यांचे म्हणणे होते. हार्वर्डचे वयोवृद्ध कवकतज्ज्ञ फार्लो ह्यांनीही हे कवक एंडोथिया ह्या जुन्या, परिचित प्रजातीतील कवकांशी अगदी जवळचे असल्याचे दाखविले. क्लिंटन ह्यांनी तर त्याला स्वतंत्र जाती न मानता एंडोथिया गायरोसा ह्या ज्ञात जातीचा एक प्रकार म्हणून नाव दिले. उलटपक्षी पॉल अँडरसन व एच. डब्ल्यू. अँडरसन ह्यांनी १९१२ मध्ये रोगकारक कवक आणि त्याच्याशी दिसण्यात सारखे, पण मृत लाकडावरच जगणारे निरुपद्रवी कवक, ह्यांतील भेद सिद्ध करून एंडोथिया पॅरासिटिका हे नाव रूढ केले.

‘प्रकार’ की ‘जाती’ हा वाद वरवर पाहता पंडिती वाटतो. परंतु त्यामागील व्यवहार पाहावा. कवक देशी असेल तर ते सर्वत्र आहेच. मग झाडे तोडून त्याची वाट अडविण्यात अर्थ काय? अनुकूल पावसाळे आले म्हणजे वृक्ष आपोआप सावरतील, ही आशा बाळगावी. कवक परदेशी असेल तर मात्र त्याला सीमा आहे, आणि ज्याला सीमा आहे त्याच्यापुढे कुंपण घालता येते. एका नावात प्रतीक्षा होती. दुसऱ्यात कुऱ्हाड होती.

पेनसिल्व्हेनिया राज्याने कुऱ्हाडीचा मार्ग पत्करला. १९११ च्या जूनमध्ये कायदा करून एक आयोग नेमण्यात आला व त्याला २,७५,००० डॉलर देण्यात आले. खाजगी जमिनीत शिरून रोगट झाडे तोडण्याचा अधिकारही त्याला मिळाला. राज्याच्या पूर्व भागात रोग फार पसरला होता. तो सोडून देऊन पश्चिमेकडील तुरळक लागण समूळ नष्ट करावी, अशी योजना होती. २० व २१ फेब्रुवारी १९१२ रोजी हॅरिसबर्ग येथे गव्हर्नर टेनर ह्यांनी परिषद बोलाविली. तेथे न्यूयॉर्क राज्याच्या जिनीव्हा केंद्रातील फ्रेड स्ट्यूअर्ट ह्यांनी स्पष्ट विरोध केला. त्यांचा आक्षेप मूलस्थानाविषयी नव्हता. रोग आटोक्यात आणण्याची ही रीत सिद्ध झालेली नसताना तीवर मोठा सार्वजनिक पैसा खर्चणे त्यांना गैर वाटत होते. सभेचा कल मात्र काहीतरी केलेच पाहिजे असा होता.

आयोगाच्याच आश्रयाखाली झालेल्या संशोधनाने स्ट्यूअर्ट ह्यांच्या शंकेला बळ दिले. फ्रेडरिक हील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगट झाडांवर वावरणारे पक्षी तपासले. एकाच लहान सुतारपक्ष्याच्या अंगावर ह्या कवकाचे साडेसात लाखांहून अधिक बीजाणू निघाले. वाऱ्यावरून जाणाऱ्या बीजाणूंचाही पुरावा मिळाला. झाडे तोडून मोकळा केलेला पट्टा पक्षी व वारा ह्यांना अडविणार नव्हता. १९१३ मध्ये गव्हर्नरांनी पुढील अनुदान नाकारले आणि आयोगाचे काम संपले.

५

ह्याच वर्षी मूलस्थानाचा प्रश्न सुटला, हा ह्या इतिहासातील विलक्षण योगायोग होय. कृषिखात्याचे डेव्हिड फेअरचाइल्ड ह्यांनी चीनमध्ये वनस्पतींच्या शोधार्थ फिरत असलेल्या फ्रँक मायर ह्यांना रोगट सालीचा नमुना पाठवून तसा रोग तेथे दिसतो काय, हे पाहण्यास सांगितले. जून १९१३ मध्ये चिहली प्रांतात मायर ह्यांना चेस्टनटवर तसेच व्रण आढळले. त्यांनी पाठविलेल्या सालीतून शिअर व स्टीव्हन्स ह्यांनी कवक वाढविले, अमेरिकन झाडांवर त्याची लागण करून पाहिली, आणि ते तेच असल्याचे सिद्ध केले. १९१५ मध्ये मायर ह्यांनी ते जपानातही शोधले. मेटकाफ ह्यांचा तर्क खरा ठरला.

चीनमधील वृक्षांविषयी मायर ह्यांनी जे पाहिले ते येथे निर्णायक आहे. तेथील झाडांवर व्रण होते, काही फांद्या वाळत, पण वृक्ष सहसा मरत नसत. जुने व्रण भरून येत. जेथे रोगाने कोणाचे फारसे नुकसान होत नाही तेथे शास्त्रज्ञाने त्याची नोंद घेतलेली नसावी, हे स्वाभाविक आहे. आपल्या मायदेशी हे कवक निरुपद्रवी होते, म्हणूनच शास्त्राच्या दप्तरात ते अनाम राहिले. आणि जे अनाम आहे ते कोणत्याही निषिद्ध यादीत लिहिता येत नाही. १८७६ मध्ये अमेरिकेजवळ कितीही कडक कायदा असता, तरी त्या यादीत ह्या कवकाचे नाव येणे शक्य नव्हते. ते नाव पडण्यास आणखी तीस वर्षांचा अवकाश होता.

कायद्याच्या भाषेतही ही अडचण उमटलेली दिसते. अमेरिकेचा पहिला वनस्पति-संसर्गप्रतिबंधक कायदा २० ऑगस्ट १९१२ रोजी संमत झाला. एखाद्या रोगाचा प्रवेश रोखण्यासाठी बंदी घालावयाची तर तो रोग देशात नवा असावा किंवा तोपर्यंत फारसा पसरलेला नसावा, अशी अट त्यात आहे. म्हणजे बंदीपूर्वी रोगाची ओळख पटली पाहिजे. ह्या तत्त्वातील उणीव १९१९ पासून अमलात आलेल्या ३७ क्रमांकाच्या आदेशाने काही अंशी भरून काढली. त्याने प्रश्नाची बाजूच उलटविली. अमुक रोग असलेली रोपे आणू नयेत असे न म्हणता, ज्यांना परवानगी आहे तेवढीच रोपे आणावीत, असे तो म्हणतो. अनाम शत्रूविरुद्ध कायद्याला करता येण्यासारखी तरतूद ती हीच. चेस्टनटच्या दृष्टीने ती चाळीस वर्षे उशिरा आली.

क्लिंटन ह्यांना आज सर्वस्वी दोष देणे योग्य होणार नाही. अवर्षणाने झाडे दुबळी झाली होती हे त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. त्यावरून काढलेले अनुमान चुकले. आणि १९११ मध्येच मेटकाफ ह्यांचे मत सर्वमान्य झाले असते, तरी बीजाणूंची गती पाहता वृक्ष वाचले असते असे म्हणवत नाही. खरी हानी निराळ्याच दिशेने झाली. रोग अटळ आहे असे एकदा ठरल्यावर लाकूड वाया जाण्यापूर्वी विकावे म्हणून निरोगी वृक्षही सरसकट तोडण्यात आले. त्यांत रोगाला टिकून राहणारे काही वृक्ष असतील तर तेही गेले. ‘मरणारच’ हे विशेषण लागलेल्या वृक्षाची परीक्षा कोणी घेतली नाही.

६

परीक्षा घेण्याची दृष्टी युरोपातून आली. १९३८ मध्ये हेच कवक इटलीत जेनोआजवळ आढळले आणि युरोपीय चेस्टनटचीही अमेरिकेसारखीच गती होणार अशी भीती उत्पन्न झाली. परंतु १९५० च्या सुमारास अँटोनियो बिरागी ह्यांना काही झाडांवरचे व्रण आपोआप भरून येताना दिसले. फ्रान्समधील जाँ ग्रांत ह्यांनी अशा व्रणांतील कवक वेगळे काढून पाहिले. ते रंगाने फिके व मारकशक्तीने क्षीण होते, आणि ही क्षीणता संपर्काने तीव्र कवकातही उतरत असे. १९६५ च्या सुमारास त्यांनी ह्या गुणास अल्पविषालुतेच्या अर्थाचे नाव दिले. कवकालाच एका विषाणूची बाधा झालेली असते, हे पुढे स्पष्ट झाले. त्या विषाणूंच्या कुलाचे नावही ग्रांत ह्यांच्या शब्दावरूनच पडले आहे.

युरोपात ह्या विषाणूने पुष्कळ राया सावरल्या. अमेरिकेत त्याला तसे यश आले नाही. विषाणू एका कवकातून दुसऱ्यात जाण्यासाठी त्यांचे तंतू परस्परांशी जुळावे लागतात. युरोपात अशा जुळणीचे गट थोडे आहेत, अमेरिकेत ते फार आहेत. त्यामुळे विषाणूची वाट तेथे पदोपदी तुटते. ज्या कवकाला आपण एका नावाने ओळखतो त्याच्या पोटात किती भेद आहेत, हे ह्यावरून ध्यानात येते. नावाचा इतिहासही येथे थांबला नाही. १९७८ मध्ये वर्गीकरणाच्या नव्या मांडणीत ह्या कवकास क्रिफोनेक्ट्रिया पॅरासिटिका असे नाव मिळाले, व तेच आज प्रचलित आहे.

अमेरिकेत दुसरा प्रयत्न संकराचा झाला. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन चेस्टनट प्रतिष्ठानने, आनुवंशिकीतज्ज्ञ चार्ल्स बर्नहॅम ह्यांच्या सूचनेनुसार, चिनी वृक्षाची सहनशक्ती अमेरिकन वृक्षात उतरविण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या संकर चालविले. सिरॅक्यूज येथील वनविद्यालयात निराळा मार्ग अवलंबिला गेला. कवक ऑक्झॅलिक आम्ल सोडून सालीतील पेशी मारते. ह्या आम्लाचे विघटन करणारे गव्हातील एक जनुक चेस्टनटमध्ये घालून ‘डार्लिंग ५८’ ह्या नावाचा वाण तयार करण्यात आला. डिसेंबर २०२३ मध्ये उघडकीस आले की ह्या नावाखाली वर्षानुवर्षे तपासलेली रोपे वस्तुतः ‘डार्लिंग ५४’ ह्या भगिनी-वाणाची होती. जनुक तेच होते, पण ते गुणसूत्रांत निराळ्या जागी बसलेले होते. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. रोपांच्या वाढीतील उणिवांमुळे प्रतिष्ठानचा विश्वास आधीच डळमळला होता. त्याने त्या वाणाचा पाठिंबा काढून घेतला.

७

ह्या सर्व इतिहासावरून काही गोष्टी निश्चितपणे म्हणता येतात. लक्षणावरून पडलेले नाव रोग ओळखण्यास उपयोगी पडते, परंतु लक्षण दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. वंशावरून दिलेले नाव कारण दाखविते. पण ज्यांनी कवकाचे जुन्या नातलगांशी असलेले साम्य दाखविले त्यांचे निरीक्षण पुष्कळसे बरोबर असूनही त्यातून निघालेला ‘देशी’ हा निष्कर्ष चुकीचा होता. कुलसंबंध आणि मूलस्थान ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. भाषाशास्त्रात शब्दाचे कुल कळले म्हणजे तो कोणत्या वाटेने आला हे कळले असे आपण मानीत नाही. तीच सावधगिरी येथे हवी होती. आणि मूलस्थानावर आधारलेली बंदी ज्ञात शत्रूपुरतीच समर्थ असते.

वनसंरक्षणाच्या दृष्टीने ह्यातील शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. परक्या अरण्याला घातक ठरू शकणारी कितीतरी कवके आपापल्या देशी उपद्रव न देता, आणि म्हणून नावाशिवाय, जगत असली पाहिजेत. त्यांची यादी करण्याची वाट पाहणे म्हणजे प्रत्येक वेळी एक अरण्य गमावून एक नाव मिळविणे होय. जिवंत रोपे व मातीची ने-आण सरसकट मर्यादित करणे, आणि रोग आल्यावर जे वृक्ष टिकून राहतात त्यांना हात लावण्यापूर्वी त्यांचा अभ्यास करणे, ह्या दोन गोष्टी नाव माहीत नसतानाही करता येतात.

ॲपलेशियनच्या जंगलांत जुन्या बुडांना आजही धुमारे फुटतात. त्यांतील फारच थोडे फळ धरण्याइतके वाढतात. ओकच्या सालीवर हे कवक ओकचे विशेष नुकसान न करता टिकून राहते, त्यामुळे चेस्टनट नाहीसा झाला तरी ते त्या अरण्यातून गेलेले नाही. आज त्याचे नाव, कुल व मूलस्थान ही तिन्ही निश्चित झालेली आहेत; वृक्ष अरण्यात परत आणण्याचे काम मात्र अपुरे आहे.